संध्याकाळचा दवाखाना

आमच्या घरात दोन पातेली अगदी सारखी होती. दोन्ही जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, दोन्ही काठाशी चेपलेली. एकात आई भात लावायची आणि दुसऱ्यात इंजेक्शनच्या काचेच्या सिरिंजा उकळायच्या. घोटाळा होऊ नये म्हणून आईनं सिरिंजांच्या पातेल्याला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. ते नेलपॉलिश सांगलीच्या मामीनं मोठ्या हौसेनं दिलेलं. आईच्या नखांना ते कधी लागलं नाही, पातेल्याला लागलं. तरी एकदा मी त्यात अंडी उकडलीच. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक अंडं सोलून खाल्लं, मग पातेल्यावरचा ठिपका बघितला आणि म्हणाले, "आज अंडी निर्जंतुक आहेत, बिनघोर खा." त्या काळात दादा असे बोलायचे. स्टोची भरभर, उकळत्या पाण्यात काचा एकमेकींवर आपटल्याची किणकिण आणि मागच्या मळ्यातल्या विहिरीवर सुभेदारांच्या इंजिनाचं टुकटुक, हे तिन्ही आवाज मनात एकत्र आले की मला अजून भूक लागते.

दादा सरकारी दवाखान्याचे डॉक्टर होते. कडेगावाहून कऱ्हाडला येणाऱ्या रस्त्यावरचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथं त्या लोकांची नातवंडं राहतात. दवाखाना म्हणजे कौलारू तीन खोल्या आणि लांबलचक व्हरांडा. त्याच्या मागं आमचं क्वार्टर, आणि मधल्या दगडी गडग्यात एक लाकडी फाटक. फाटकापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत तीस पावलं होती. सकाळी आठला दादा त्या फाटकातून जायचे आणि दीडला परत यायचे. औषध फुकट मिळायचं, बाटली मात्र ज्याची त्यानं आणायची. त्यामुळं सकाळी व्हरांड्यात बाटल्यांचं प्रदर्शनच भरायचं: खोबरेल तेलाच्या, रॉकेलच्या, आणि ज्यांची पोरं फौजेत होती त्यांच्याकडं रमच्या. आमचे कंपाउंडर गणपतकाका त्यात लाल औषध ओतायचे, कागदाच्या पट्टीला कात्रीनं खाचा पाडायचे आणि ती खळीनं बाटलीवर डकवायचे. एक खाच म्हणजे एक डोस. "खाचंच्या खाली गेलीस तर बघ म्हातारे, परत बाटली भरून देनार न्हाई," असं ते दर म्हातारीला दरडावायचे आणि दर म्हातारीची बाटली परत भरून द्यायचे.

औषध फुकट असलं तरी हात हलवत कुणी येत नसे. बरं वाटलं की माणूस आठवड्याभरानं फाटकाशी उभा राहायचा आणि आईला हाक मारायचा. ओंजळभर शेंगा, तांब्याभर काकवी, हुरड्याची कणसं, कधी हुलगे. हुलग्याचं माडगं आई असं करायची की थंडीत नाकातून पाणी यायचं आणि तरी दुसरी वाटी मागावीशी वाटायची. शेंगा विकत आणल्याचं तर मला आठवतच नाही. दादांना हे आवडत नसे असं ते म्हणायचे, पण हुरडा आला की सगळ्यात आधी पाटावर तेच बसलेले असायचे.

आणि दादा घसे बघायचे. हे सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पोराला ताप असो, जुलाब असो की पायाला काटा लागलेला असो, दादा त्याला आऽऽ करायला लावणार म्हणजे लावणारच. एका हातात तीन सेलची बॅटरी, दुसऱ्या हातात एक चपट्या दांड्याचा चमचा. दांड्यानं जीभ दाबायची आणि आत बघायचं. पोरं बोंबलायची, आया म्हणायच्या, "आवं डाक्टर, त्याच्या पायाला लागलंय." दादा म्हणायचे, "पाय दिसतोय मला. घसा दिसत नाही म्हणून बघतोय."

मग हे बदललं कधी, असं माझा मुलगा विचारतो. एका दिवसात काही बदलत नाही, बाबा. सुरुवात म्हटली तर सुभेदारांपासून झाली. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, नदीकाठाला भावाचा ऊस, इथं मळा, मिशा कडक. त्यांना व्हरांड्यात सगळ्यांच्या ओळीत बाटली घेऊन बसायचं जिवावर यायचं. "फुकाट औषद घ्यायला मी काय भिकारी हाय व्हय, डाक्टर?" असं म्हणून ते संध्याकाळी घरी यायचे, चहा घ्यायचे, रक्तदाब तपासून घ्यायचे आणि जाताना बशीखाली नोट ठेवायचे. दोनदा दादांनी मला ती नोट घेऊन त्यांच्या मागं पळवलं. तिसऱ्यांदा पळवलं नाही. मी बशी उचलली, नोट बघितली, दादांकडं बघितलं. दादा वर्तमानपत्र वाचत होते. आईनं नोट उचलून फडताळात ठेवली.

दादांची बाजूही मांडते, नाहीतर मी अप्रामाणिक ठरेन. त्या वर्षांत सरकारी डॉक्टरचे हाल कुत्रा खात नव्हता. मागितलेल्या औषधातलं निम्मं यायचं, आणि आलेलं निम्मं भलतंच असायचं. एकदा तर आम्हाला तीन खोकी भरून नुसत्या मलमपट्ट्या आल्या. नसबंदीची माणसं गोळा करा म्हणून वरून तगादा. दादा खेडोपाडी पायपीट करून यायचे आणि तालुक्याच्या बैठकीत सगळ्यांदेखत बोलणी खायचे. सांगलीच्या मामांचं तिकडं स्वतःचं हॉस्पिटल झालेलं, दारात स्कूटर, घरात फ्रीज. दिवाळीला मामा म्हणाले, "भावजी, तुम्ही निम्मे कारकून झालात. उरलेल्या निम्म्या डॉक्टरचं तरी काहीतरी करा." सगळे हसले, दादाही हसले. मला मात्र त्यांचा चेहरा दिसत होता. माझ्या वडिलांचा त्या दिवशी अपमान झाला होता आणि पुढचं बरंचसं त्या अपमानातून आलं, असं मला आज वाटतं.

सुभेदारांचं बघून सोसायटीचे चेअरमन आले, त्यांचं बघून गुरुजी, गुरुजींचं बघून गाव. वर्षभरात संध्याकाळी पाच ते आठ आमच्या पडवीत दुसरा दवाखाना उभा राहिला. वरच्या साहेबांचंही तेच चाललेलं, त्यामुळं विचारणारं कुणी नव्हतं. गावात सकाळच्या सुईला सरकारी सुई आणि संध्याकाळच्या सुईला घरची सुई असं नाव पडलं. दोन्ही एकाच पातेल्यात उकळलेल्या असायच्या, मीच उकळायचे. पण लोक शपथेवर सांगायचे की घरच्या सुईला जास्त गुण आहे. आधी मला याचं हसू यायचं. मग हळूहळू लक्षात आलं की लोकांचं अगदीच चुकत नव्हतं. सकाळचे दादा मान वर न करता विचारायचे, "काय होतंय? किती दिवस? बाटली आणलीस? पुढं." संध्याकाळचे दादा खुर्ची जवळ ओढायचे, नाडी धरायचे, पोराचं नाव विचारायचे. बॅटरी आणि चमचा आता घरच्या टेबलावर असायचे. सकाळी न्यायला दादा विसरायचे, मग नेणंच बंद झालं. मलकापूरला रस्त्याकडेला जागा घेतली गेली. आणि शेंगा यायच्या बंद झाल्या. पैसे दिल्यावर माणूस शेंगा कशाला देईल? आईनं पहिल्यांदा बाजारातून शेंगा आणल्या त्या दिवशी ती चटणी कुटता कुटता म्हणाली, "आता आपण कुणाचे कोणी लागत नाही बघ." दादा जेवत होते. त्यांनी ऐकलं नसावं, किंवा ऐकलं असावं.

नंबर मी काढले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझीच अक्कल. माझं मॅट्रिकचं वर्ष, वर्गात पहिली, आणि अव्यवस्था मला खपत नसे. अजून खपत नाही, सून वैतागते. पडवीत रोज भांडणं व्हायची, मी आधी, तू आधी. औषध कंपन्यांचे लोक येताना पुठ्ठ्याची खोकी आणायचे. त्यांचे चौकोन कापून मी लाल शाईनं एक ते चाळीस आकडे घातले, चांगले वळणदार. फाटकाशी स्टूल टाकून बसायचं आणि येईल त्याच्या हातात पुठ्ठा ठेवायचा. दादांनी पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हटलं, "पोरगी हुशार आहे माझी." कितीतरी महिन्यांनी दादा माझ्याशी असं बोलले होते. त्या एका वाक्यासाठी मी आणखी चारशे पुठ्ठे कापले असते.

नियमही कडक होता. एकदा सुभेदार नंबर न घेता सरळ आत गेले, तर दादांनी त्यांना हात जोडून बाहेर पाठवलं. "सुभेदार, फौजेत रांग मोडलेली चालायची का?" सुभेदार लालबुंद झाले, मग मोठ्यांदा हसले आणि येऊन माझ्याकडून एकोणीस नंबर घेऊन बाकावर बसले. ती गोष्ट पंचक्रोशीत पसरली. सकाळी दवाखान्यात ज्याचा वशिला तो पुढं घुसायचा. आमच्या पडवीत मात्र सुभेदारालाही नंबर सुटत नव्हता. मला याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू. पैसे देणाऱ्यांपुरता का होईना, मी गावात न्याय आणला होता.

मागच्या महिन्यात गुडघा दाखवायला सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यात गेले होते. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता चिठ्ठी माझ्या हातात दिली. माझ्या मुलाला राग आला, तो तिला बोलायला लागला. मी त्याला गप्प केलं. मला त्या मुलीला रागावायचा अधिकार नाही.

दिवाळीनंतर पूर्वेकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या बाजूला यायचे. तिकडं रान वाळलेलं असायचं, इकडं विहिरीवर थोडंफार हिरवं. रिकाम्या रानात ते मेंढरं बसवायचे. लेंड्यांचं खत व्हायचं आणि त्या बदल्यात शेतकरी त्यांना धान्य द्यायचा. त्या थंडीत सुभेदारांच्या मळ्यात बिरूचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बसला होता. बिरू म्हणजे काटकुळा, उंच माणूस, डोक्याला लाल पटका, बोलणं इतकं हळू की दोनदा विचारावं लागायचं. त्याची बायको आणि पाच वर्षांचा म्हाकू बरोबर असायचे. म्हाकूला मी ओळखत होते. रस्त्यानं मेंढरं चालली की हा सगळ्यात पुढं, हातात स्वतःच्या उंचीची काठी, आणि मेंढरांना शिव्या अगदी बापासारख्या. मी एकदा त्याला गूळ दिला तर त्यानं निम्मा स्वतः खाल्ला आणि निम्मा एका कोकराला चाटवला.

त्या संध्याकाळी फाटकाशी गर्दी होती. थंडी पडायला लागलेली, इंजिन नुकतंच बंद झालेलं. मी पुढच्या परीक्षेचं पुस्तक मांडीवर ठेवून पुठ्ठे वाटत होते. एक हात पुढं आला, मी तेवीस नंबर ठेवला. मग वर बघितलं तर बिरू. अंगावरचं घोंगडं छातीशी गुंडाळून धरलेलं आणि त्यात काहीतरी होतं. धनगर नुकतं जन्मलेलं कोकरू असंच घोंगड्यात धरून आणतात. आत बारीक घरघर आवाज येत होता. मला वाटलं, कोकरू आणलंय. दादांसाठी. किती दिवसांनी कुणीतरी काहीतरी आणलं, या विचारानं मला खरंच आनंद झाला. मी विचारलं नाही. बिरूनं पुठ्ठा पटक्यात खोचला आणि तो पडवीच्या टोकाला, बाकावर जागा असतानाही, खाली भिंतीला टेकून बसला. मी आत जाऊन आईला सांगितलं, "बिरूनं कोकरू आणलंय." आई म्हणाली, "अगं बाई, ते बांधायचं कुठं?" आणि आम्ही दोघी हसलो. हे हसणं मी पन्नास वर्षं बरोबर घेऊन फिरते आहे.

बारा नंबर आत होता तेव्हा तो आला. मग तेरा, मग चौदा. पाऊण-एक तास गेला असेल. सतरा नंबरची एक म्हातारी बिरूच्या शेजारी बसली होती. तिला तो आवाज सहन होईना, तिनं घोंगड्याचं टोक उचललं आणि किंचाळली, "आरं, ह्यात पोरगं हाय की रं! काळंनिळं पडलंय!"

दादा आतून धावत आले. हातात बॅटरी, चमचा. मी दारात. म्हाकूची मान फुगून हनुवटीच्या रेषेत आली होती, ओठ जांभळे, दर श्वासाला गळ्याखाली खड्डा पडत होता. दादांनी चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबली आणि बॅटरी लावली. मीही बघितलं. घशात राखाडी पांढरा पडदा पसरला होता, मोरीच्या दगडावर शेवाळ धरतं तसा. "घटसर्प," दादा म्हणाले. इतक्या हळू की बिरूच बोलतोय असं वाटलं. मग ते एकदम ओरडले, "अरे, इतका वेळ गप्प का बसलास? आत का नाही आलास?"

"नंबर तेवीस हाय माझा," बिरू म्हणाला. त्यानं पटक्यातला पुठ्ठा काढून दाखवला. "तुमी सुभेदारालाबी सोडलं न्हाई. मी धनगर मानूस."

"आणि सकाळी? सकाळी का नाही आणलंस त्याला?"

बिरूनं कमरेला खोचलेली बाटली काढली. लाल औषध, त्यावर खाचा पाडलेली कागदाची पट्टी, वरची एकच खाच रिकामी. "आनलं हुतं की. तुमीच औषद दिलं. घशात दुखतंय म्हनत हुता त्यो. तुमी म्हनला, पुढं." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, तो नुसतं झालं ते सांगत होता. "सुभेदार म्हनलं, सकाळी फुकाट असतंय, तवा डाक्टर नीट बगत न्हाईत. सांजच्याला पैसं घिऊन जा, मग बगत्यात. पैसं न्हवतं. एक कोकरू हुतं, ते सुभेदारांनाच इकलं. म्हनून उशीर झाला."

पडवीतली सगळी माणसं ऐकत होती. दादांच्या हातात ती बाटली होती. मी माझ्या वडिलांना मार खाताना कधी बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं.

त्यावरचं औषध आमच्याकडं नव्हतं. कऱ्हाडला होतं, आणि तिथं गळ्याला छेद देऊन श्वास मोकळा करणारे हातही होते. रस्त्यावर गणपतकाकांनी आडवं उभं राहून उसाचा ट्रक थांबवला. दादा म्हाकूला मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसले, बिरू वर उसाच्या मोळ्यांवर चढला. त्याची बायको मळ्यातच होती, तिला काही ठाऊक नव्हतं. ट्रक गेल्यावर पडवीतली माणसं एकेक करून उठली. जाताना प्रत्येकानं आपला पुठ्ठा माझ्या स्टुलावर आणून ठेवला, शिस्तीत.

म्हाकू कृष्णेच्या पुलावर गेला. कऱ्हाडचे दिवे दिसायला लागले होते, असं दादा नंतर एकदाच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा परत आले. आईनं ताट वाढलं, ते हात धुऊन ताटावर बसले आणि तसेच उठले. मी त्यांच्या पाठोपाठ परसात गेले. मला सांगायचं होतं की चूक माझी आहे, मी घोंगडं उचलून बघायला हवं होतं. दादा म्हणाले, "सकाळी तो माझ्यासमोर उभा होता. तीस पावलांवर माझी बॅटरी होती." मग म्हणाले, "तू आत जा." त्या वाक्यानं माझं ओझं हलकं व्हायला हवं होतं. ते झालं नाही, उलट आता आम्ही दोघं झालो. पुढं दादांची फार इच्छा होती मी डॉक्टर व्हावं, मार्कही होते. मी नाही म्हणाले आणि शाळेत गणित शिकवलं. त्यांनी कारण विचारलं नाही.

त्यानंतर सकाळच्या दवाखान्यात बॅटरी आणि चमचा परत जायला लागले. दादा पुन्हा मान वर करून बघायला लागले, दीडचे अडीच वाजायचे. आणि त्यांना एक सवय लागली ती मरेपर्यंत गेली नाही. दर चार-पाच पेशंट झाले की उठायचं, बाहेर यायचं आणि बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडाकडं एकदा बघून परत आत जायचं. पुढं नोकरी सोडून मलकापूरला स्वतःचं हॉस्पिटल काढलं तेव्हाही तेच. लोक म्हणायचे, या डॉक्टरला एका जागी बसवत नाही. आता ते हॉस्पिटल माझा धाकटा भाऊ चालवतो. तो बाहेर येत नाही, त्याला कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं दिसतं.

पण खरं सांगायचं तर संध्याकाळचा दवाखाना बंद झाला नाही. दोन दिवस पडवीचं दार लावलेलं होतं. तिसऱ्या दिवशी सुभेदार आले, खाली मान घालून म्हणाले, "डाक्टर, मानसं थांबल्यात वो. झालं ते वंगाळच झालं. पर थांबल्यात." दादांनी मला हाक मारली. मी पुठ्ठे काढले, लावून बघितले तर एक कमी. तेवीस बिरूच्या पटक्यात गेला होता. माझ्या हाताला अव्यवस्था खपत नाही, हे मी वर लिहिलंच आहे. मी नवं खोकं घेतलं, कात्री घेतली, चौकोन कापला आणि लाल शाईनं तेवीस काढला. चांगला वळणदार.

पंधरवड्यानं, रात्री साडेसात-आठला, बिरू फाटकाशी आला. चांदण्यात वाडा हलणार होता. मेंढरं रस्त्यावर होती आणि त्याची बायको पाठ करून त्यांच्यात उभी होती. त्यानं पटक्यात हात घातला आणि पुठ्ठा काढला. घामानं मऊ झालेला, एक कोपरा दुमडलेला.

"ताई, तुमचा नंबर ऱ्हायला हुता माझ्याकडं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुनाला लागंल."

मी हात पुढं केला. तेवढ्यात आतून दादांचा आवाज आला, "तेवीस!"

बिरूनं दचकून आत बघितलं. त्याचा हात पुठ्ठ्यासकट तसाच राहिला. बाकावरून चेअरमनची सून उठली, पदर सारखा केला आणि नवा कोरा पुठ्ठा धरून आत गेली. बिरूनं तिच्या हाताकडं बघितलं, मग स्वतःच्या.

"दोन हायत व्हय?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली, आपला पुठ्ठा माझ्या स्टुलाच्या कडेला नीट ठेवला आणि मेंढरं हाकत तो पूर्वेच्या रस्त्याला लागला.